टॅग चालू, बी गेलेलं: माळव्यातल्या एका बीज गटाचं प्रकरण

हे प्रकरण इंदूरहून उज्जैनकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावातलं आहे. माणसांची आणि गावाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि आकडे थोडे बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि त्यामागची कारणं मात्र घडली तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

गटात नऊ तरुण, वय बावीस ते तेहतीस. दोन घरं मराठी, होळकरांच्या काळापासून तिथेच शेती असलेली, बाकी माळवी. सगळे एका नोंदणीकृत बीज उत्पादक समितीचे सभासद. दर खरिपात ठरलेल्या वावरांत सोयाबीनचं प्रमाणित बियाणं घ्यायचं, ग्रेडिंग करून, म्हणजे यंत्रावर चाळून-निवडून, ३० किलोच्या गोण्या भरायच्या आणि जून उजाडायच्या आत आसपासच्या गावांत विकायच्या, असा धंदा. धान्याच्या भावावर क्विंटलमागे दोन-तीन हजार जास्त सुटतात. तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

गट उभा केला तो काकांनी. मराठी घरांतली मुलं त्यांना काका म्हणतात, बाकीचे काकासाब. इंदूरच्या कृषी महाविद्यालयाचे पदवीधर. १९२४ साली याच आवारात वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली होती आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्डनी ‘इंदूर पद्धती’चं कंपोस्ट इथेच बसवलं होतं. काका १९८५ मध्ये ग्रामसेवक म्हणून लागले आणि २०२२ मध्ये ग्रामीण कृषी विस्तार अधिकारी म्हणून ६२ व्या वर्षी निवृत्त झाले. नोकरीची पहिली वर्षं ‘प्रशिक्षण आणि भेट’ पद्धतीतली. ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी हजर राहायचं, पाऊस असो की लग्न. ती सवय अंगात इतकी मुरली की निवृत्तीनंतरही दर मंगळवारी सकाळच्या बसने इंदूरच्या राजेंद्रनगरहून ते गावात येत राहिले.

माळव्याच्या काळ्या जमिनी पूर्वी खरिपात पड ठेवत आणि ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घेत. सोयाबीनने ती पड भरून काढली. हा बदल वावरावावरांत फिरून ज्यांनी घडवला, त्यांतले काका एक. बी चावून ओल सांगायचे. दाण्यावर दात ठेवला आणि टक्‌ आवाज करून दोन दळं स्वच्छ वेगळी झाली, तर वाळलं. दाताखाली चपटलं तर अजून दोन उन्हं हवीत. मुलं ओंजळ पुढे करायची, “काका, झालं का?” काका दाणा चावायचे, “झालं.” आठ हंगाम हे असंच चाललं. नऊ जणांपैकी कुणीही स्वतः दाणा चावून बघितला नव्हता, हे नंतर कळलं.

अडचण कशी तयार झाली

त्या वर्षी गटाने २४ एकरांत जेएस ९५-६० घेतलं. ८२ ते ८८ दिवसांत येणारं, टपोऱ्या दाण्याचं वाण. लवकर येतं म्हणून शेतकऱ्यांना आवडतं. बियाण्यासाठी मात्र तोच त्याचा धोका. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलं की सप्टेंबरच्या मध्याला शेंगा पिकतात, आणि माळव्यात तेव्हा पाऊस गेलेला नसतो. पिकलेली शेंग भिजली, वाळली, पुन्हा भिजली, की दाणा फुगतो-आकसतो आणि सालीवर सुरकुत्या पडतात. सोयाबीनची साल मुळात पातळ आणि अंकुर तिच्या लगेच खाली. त्यामुळे सालीला लागलेला मार थेट अंकुराला लागतो. टपोरं बी यात जास्त भोगतं.

पहिले ८ एकर १४ आणि १५ सप्टेंबरला कापून झाले. हे वावर गटातल्या एका मराठी घराचं. त्या घरातल्या मुलाला इथे धाकटा म्हणू. मग पाऊस लागला. उरलेल्या १६ एकरांची कापणी २८ तारखेला. मधले जवळपास दोन आठवडे पीक पिकून उभं.

मळणीतही फरक पडला. धाकट्याने घरच्या जुन्या थ्रेशरवर, ड्रम मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आत ठेवून मळलं. बाकीच्यांनी भाड्याचं यंत्र आणलं. त्यावर गव्हासाठी लावलेली पुली, म्हणजे ड्रमचा वेग ठरवणारं चाक, तशीच होती. सोयाबीन बियाण्याला ३५० ते ४०० फेरे पुरतात; हे यंत्र त्याच्या कितीतरी वर फिरत होतं. शिवाय पावसानंतरच्या कडक उन्हात पेंढ्या चार दिवस पडून दाणा ठिसूळ झालेला. १३-१४ टक्के ओलीवर मळलेलं बी मार सोसतं. त्याहून कोरडं झालं की तडकतं, आणि ही तड बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

काका कुठे होते? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी सहा आठवडे धूळ वर्ज्य सांगितलेली. सप्टेंबर-ऑक्टोबरचे मंगळवार कोरडे गेले. ऑक्टोबरअखेरीस ते आले तेव्हा ग्रेडिंग उरकलं होतं. त्यांनी गोणीतून मूठभर दाणे काढून तळहातावर फिरवले. काही दाण्यांच्या साली सुरकुतलेल्या होत्या. ते एवढंच म्हणाले, “जरा जपून ठेवा हं.” मुलांनी त्याचा अर्थ घेतला की उंदरांपासून जपा.

खरी चूक ग्रेडिंगच्या दिवशी झाली होती. ग्रेडिंगचं भाड्याचं यंत्र एकाच दिवसासाठी मिळालेलं, म्हणून १६८ क्विंटल माल सगळा एकापाठोपाठ एक त्यातून काढला. १५० क्विंटल बियाणं निघालं, ५०० गोण्या झाल्या आणि सगळ्यांना एकच लॉट क्रमांक पडला, म्हणजे तपासणीला सगळा माल एकच. नियमात यात काही वावगं नव्हतं. डिसेंबरमध्ये नमुना तपासणीला गेला, उगवण ७३ टक्के आली. सोयाबीनसाठी किमान मर्यादा ७० टक्के. गोण्यांना प्रमाणित बियाण्याचे टॅग लागले. मुदत चाचणीपासून नऊ महिने, म्हणजे सप्टेंबरपर्यंत.

गोण्या पत्र्याच्या शेडमध्ये, सिमेंटच्या जमिनीवर, नऊ-नऊच्या थप्पीत रचल्या. मार्चपर्यंत ३८० गोण्यांची आगाऊ नोंद झाली, गोणीमागे ४०० रुपये जमा. भाव ठरला क्विंटलला ७,५०० रुपये.

मे महिन्यातली चाचणी

मेच्या दुसऱ्या आठवड्यात काकांनी सहज विचारलं, “उगवण पुन्हा पाहिलीत का?” उत्तर आलं, “अहो काका, टॅग तर लागलाय ना?”

यावेळी काका स्वतः दाण्यांना हात लावायला तयार झाले नाहीत. रीत फक्त सांगितली. गोण्यांतून वरून, मधून, खालून नमुना काढा. शंभर-शंभर दाण्यांचे चार संच मोजा. मोजताना चांगला दाणा निवडायचा नाही, हाताला येईल तो घ्यायचा. गोणपाटाचे तुकडे भिजवा आणि पिळा, पाणी ठिबकता कामा नये. कोरडं बी एकदम चिंब गोणपाटात टाकलं तर पाणी भसकन आत शिरतं, दळं फाटतात आणि चांगलं बीही कुजतं. दाणे रांगेत मांडा, गुंडाळी करा, सावलीत उभी ठेवा, रोज हलकं शिंपडा. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची.

आठव्या दिवशी मुलांनी मोजलं. सरासरी ७१. सगळे हुश्श म्हणाले.

काकांनी गुंडाळ्या पुन्हा उघडायला लावल्या आणि प्रत्येक रोप पाटावर ओळीने मांडायला सांगितलं. मग विचारलं, “यातलं कोणतं जमिनीतून वर येईल?” काहींचं मूळ बोटाच्या पेरापेक्षा लहान राहून तपकिरी झालेलं. काहींचं खोड पिळवटलेलं. काहींची दोन्ही दळं तुटून नुसता दांडा उरलेला. मोड सगळ्यांना आले होते; पण मोड येणं आणि उगवणं एक नाही. अशी रोपं प्रयोगशाळेत ‘असामान्य’ म्हणून वगळतात. ती वगळल्यावर आकडा ५९ आला.

पाटावरची ती अर्ध्या तासाची मोजणी हे या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं शिक्षण, असं आमचं मत आहे. ७१ वर थांबले असते तर माल बिनबोभाट गेला असता.

पुढची कल्पना धाकट्याची. त्याचा माल ग्रेडिंगला सकाळी पहिला लागला होता आणि गोण्यांवर शिवताना अनुक्रम घातले होते. १ ते १७० त्याच्या, बाकी ३३० इतरांच्या. वेगळी चाचणी घेतली. पहिल्या भागाची उगवण ७८, दुसऱ्याची ५०. जोडीला घरगुती ब्लीच पाण्यात पातळ करून शंभर-शंभर दाणे दहा-पंधरा मिनिटं भिजवले. साल तडकलेला दाणा त्यात पाहता पाहता फुगतो, अखंड साल तशीच राहते. १० पेक्षा जास्त फुगले तर मळणीने घात केला, असं धरायला हरकत नाही. पहिल्या भागात ६ फुगले, दुसऱ्यात २२. वाळूत ३ सेंटीमीटर खोल लावलेल्या दुसऱ्या भागाच्या दाण्यांतले शंभरातले ३८च वर आले. बियाण्याचा जोम उगवणशक्तीच्या आधी जातो. गोणपाटात उगवणारं बी मातीचा पापुद्रा फोडू शकेलच असं नाही.

डिसेंबरचं कोडंही मग उलगडलं. तेव्हा दोन्ही भागांची सरासरी ७३ भरली होती, चांगल्याने वाईटाला झाकलं होतं. तडकलेलं बी एप्रिल-मेच्या चाळीस अंशांवरच्या उन्हात, पत्र्याखाली, झपाट्याने खाली आलं.

समोर असलेले पर्याय

समितीतल्या एका वडीलधाऱ्या सभासदाचं म्हणणं साधं होतं: टॅगची मुदत आहे, माल विका, कागद आपल्या बाजूने आहे. हा पर्याय सर्वांत मोहाचा आणि सर्वांत पोकळ. १९६६ च्या बियाणे कायद्यात विकल्या जाणाऱ्या बियाण्याने किमान उगवण पाळायची असते; मुदतीचा टॅग उगवणीची जागा घेत नाही. आणि आता तर गटाला खरा आकडा ठाऊक होता.

दुसरा पर्याय, उगवण कमी असल्याचं सांगून पेरणीचं प्रमाण वाढवायला सांगणं. ७० टक्के उगवणीला हेक्टरी ७५ किलो धरलं, तर ५९ ला ८९ किलो लागतं. कागदावर ठीक वाटतं. पण पहिल्या भागाला त्याची गरजच नव्हती, आणि दुसऱ्याचा वाळूतला आकडा ३८ धरला तर हेक्टरी जवळजवळ १४० किलो. कोण पेरणार? तेवढं करूनही रोपं कुठे दाट, कुठे मोकळी.

तिसरा, दाणे वजनावर वेगळे करणाऱ्या ग्रॅव्हिटी यंत्रावर पुन्हा ग्रेडिंग. हलका आणि फुटका दाणा निघतो, आतून तडकलेला वजनदार दाणा मागेच राहतो. एका गोणीवर करून पाहिलं, उगवण चार टक्क्यांनी सुधारली. बाद.

चौथा, बाहेरून बियाणं आणून आपली नोंद भागवणं. गटातल्या दोघांना हा पटला होता, कारण गिऱ्हाईक तुटत नव्हतं. पण मेअखेरीस बाजारात मिळणाऱ्या बियाण्याचं मूळ कोण सांगणार?

पाचवा, लॉट फोडणं. पहिल्या १७० गोण्यांचा पुन्हा नमुना देऊन त्या वेगळ्या विकायच्या, ३३० गोण्या धान्य म्हणून मंडीत घालायच्या. मंडीचा भाव तेव्हा ४,३०० च्या आसपास. ९९ क्विंटलवर क्विंटलमागे ३,२०० चा फटका, म्हणजे तीन लाख सोळा हजार आठशे रुपये. शिवाय २१० गोण्यांची आगाऊ रक्कम, ८४,००० रुपये, परत करायची.

इथे नशिबाने हात दिला. एप्रिलअखेर सगळ्या मालाला बुरशीनाशक चोळायचं ठरलं होतं. घरातल्या एका लग्नामुळे ते राहिलं. औषध लावलेलं बी धान्य म्हणून विकता येत नाही, तेलगिरणीत नाही, जनावरांना नाही. चोळलं असतं तर पाचवा पर्याय उरलाच नसता आणि ३३० गोण्या खड्ड्यात पुराव्या लागल्या असत्या.

निर्णय आणि कृती

बैठक मंदिराच्या ओट्यावर झाली. सगळ्यांच्या नजरा काकांकडे. काका म्हणाले, “मी मत देणार नाही. आकडे तुमचे आहेत, गिऱ्हाईक तुमचं आहे.” गटातल्या सर्वांत थोरल्या मुलाने चिडून विचारलं, “मग इतकी वर्षं कोण देत होतं?” काका गप्प राहिले. पाचवा पर्याय सहा विरुद्ध तीन मतांनी ठरला.

पुढची कामं पंधरा दिवसांत उरकली. ३३० गोण्यांचे टॅग कापून, मोजून समितीकडे जमा केले. बारदानावर ‘बियाणे’ छापलेलं होतं म्हणून माल साध्या गोण्यांत भरला, नाहीतर मंडीतून तोच माल बी म्हणून कुणाच्या तरी दारात पोचला असता. १७० गोण्यांचा नवा नमुना गेला, ७६ टक्के आली. प्रत्येक गोणीवर चाचणीची तारीख आणि उगवण हाताने लिहिली. त्याच मालातलं एक किलो बी सीलबंद करून बाजूला ठेवलं. आगाऊ पैसे दिलेल्यांकडे दोघे-दोघे जाऊन समोर बसून सांगितलं आणि रक्कम परत केली. फोनवर कुणालाच सांगायचं नाही, असं ठरलं होतं.

गोणीसोबत एक चिठ्ठी दिली: चार इंच, म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, ओळींत ४५ सेंटीमीटर अंतर, खोली ३ सेंटीमीटर, पेरणीआधी पहिलं बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम जिवाणू, हाच क्रम. जिवाणू आधी लावले तर औषध त्यांना मारतं.

निष्पत्ती

१७० गोण्यांबाबत एकच तक्रार आली. एका शेतकऱ्याने पहिल्याच सरीवर पेरलं, नंतर दहा दिवस उघडीप पडली आणि बी मातीत गेलं. गटाने राखून ठेवलेलं सीलबंद बी त्याच्यासमोर उघडून गोणपाटात लावलं. आठव्या दिवशी तो स्वतः मोजायला आला. भांडण तिथेच मिटलं.

पैसे परत मिळालेल्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्याहून थोडे जास्त पुढच्या वर्षी फिरून आले. बाकीचे आले नाहीत. थोरला मुलगा हंगामानंतर पिथमपूरच्या कारखान्यात लागला. तो फक्त या प्रकरणामुळे गेला, असं म्हणता येणार नाही, पण त्या वर्षीच्या हिश्शाचा त्यात भाग होता.

पुढच्या खरिपात २४ पैकी ९ एकरांतच ९५-६० ठेवलं, बाकी आठ-दहा दिवस उशिरा येणारं वाण, म्हणजे सगळं पीक एकाच पावसात सापडायला नको. भाड्याच्या थ्रेशरची पुली बदलल्याशिवाय मळणी सुरू करायची नाही, असा नियम झाला आणि तो एकदा मोडताना पकडलाही गेला. प्रत्येक वावराचं, प्रत्येक कापणीच्या तारखेचं बी वेगळं. ग्रेडिंगला एक दिवस जास्त लागला, भाडं वाढलं. लाकडी फळ्या, पाचची थप्पी, गोणी फेकायची नाही, उचलून ठेवायची. उगवण डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिल अशी तीनदा. त्या एप्रिलला सगळ्यात कमी आकडा ७४ होता.

काका अजून येतात, आता महिन्यातला पहिला मंगळवार. कुणी ओंजळ पुढे केली की म्हणतात, “आधी तू चाव.”

वेगळं काय करता आलं असतं

ऑक्टोबरमधलं “जरा जपून ठेवा” हे वाक्य काकांनी स्वतःच नंतर चूक म्हणून मान्य केलं. सुरकुतलेली साल त्यांना दिसली होती. त्याच दिवशी गोण्यांच्या अनुक्रमाने चाचणी लावली असती तर वाईट भाग टॅगआधीच मंडीत गेला असता. आगाऊ रक्कम घेतली नसती, गिऱ्हाईक तुटलं नसतं. त्यांचं स्पष्टीकरण असं की मुलांनी एवढ्या मेहनतीने एकट्याने ग्रेडिंग केलं होतं, लगेच नाउमेद कसं करायचं. विस्तार कामात ही भीड फार जणांना नडते.

त्याहून मोठा मुद्दा हस्तांतराचा. निवृत्तीची तारीख काही अचानक येत नाही. तीन हंगाम आधी ओल, मळणी, साठवण आणि चाचणी अशी चार कामं चौघांच्या नावावर टाकता आली असती. पहिल्या वर्षी काकांसोबत, दुसऱ्या वर्षी काका नुसते बघणार, तिसऱ्या वर्षी काका गैरहजर. शस्त्रक्रियेचे सहा आठवडे तसेच पार पडले असते. गट बांधताना त्यांनी जमीन, वाण, परवाने, गिऱ्हाईक सगळं पाहिलं. निर्णय कोण घेतो, हे पाहायचं राहिलं.

आगाऊ नोंद फेरचाचणीआधी घ्यायचीच नाही, हे आता ठरलं आहे. यावर्षी त्यामुळे खर्चाला पैसे कमी पडले आणि दोघांनी व्याजाने उचलले. म्हणजे हा उपायही फुकट नाही.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. तोटा नऊ जणांत सारखा वाटला गेला. धाकट्याच्या वडिलांचा सवाल असा की ज्याने वेळेवर कापलं, हळू मळलं, ज्याच्या १७० गोण्यांनी गटाचं नाव राखलं, त्याने इतरांच्या पुलीचा दंड का भरायचा? उलट बाजूचं म्हणणं, त्याचं वावर उंचावर आहे आणि त्याच्याकडे घरचा थ्रेशर आहे. पाऊस आठवडाभर आधी आला असता तर? यंदा लॉटनिहाय हिशोबाचा मसुदा तयार झाला आहे: सत्तर टक्के रक्कम आपापल्या लॉटच्या उगवणीवर, तीस टक्के सगळ्यांत सारखी. पाच सह्या झाल्या आहेत. तीन बाकी आहेत, त्यांत धाकट्याच्या वडिलांची एक.